सा हलतो तेव्हा

जळगाव, २० मे, रात्री

लाइटीचं काही खरं नाही, म्हणून कीबोर्ड बाजूला आणि भजनाची पेटी गच्चीवर. जॅझच्या हार्मनीला पेटी वाईट नाही. डावा हात भात्यात अडकलेला, त्यामुळे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, उजव्या हाताच्या दोनच स्वरांत सांगावी लागते: मूळ स्वरापासून मोजलेला तिसरा आणि सातवा. मूळ स्वर मोबाइलवर लावून द्यायचा.

सा पांढरी एक, म्हणजे सी; मग रे म्हणजे डी, प म्हणजे जी. डी मायनर सेव्हन्थला अंगठा म वर, करंगळी तार सा वर. जी सेव्हन्थ आली की करंगळी अर्धा स्वर उतरून नि वर. अंगठा जागचा हलत नाही. सी मेजर सेव्हन्थला करंगळी थांबते आणि अंगठा म वरून ग वर. झालं टू-फाइव्ह-वन, म्हणजे पट्टीच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्ड ओळीने.

सोलोसुद्धा याच दोन उतारांवर बांधायचा. मात्रेला एक स्वर: रे म ध सां, नि ध प म, ग. मेट्रोनोम ६० वर ठेवून प्रत्येक टिचकी दुसरी किंवा चौथी मात्रा मानायची, म्हणजे लय १२० होते.

वहीत कॉर्डखाली डोरियन, मिक्सोलिडियन अशी स्केलची नावं लिहून फार काही हाती लागत नाही. या तिन्ही कॉर्डच्या स्केलमध्ये तेच सात पांढरे स्वर आहेत, मग कॉर्ड बदलल्याचं ऐकणाऱ्याला कळणार कसं? बदलतं ते नातं. म हा डीचा तिसरा, जीचा सातवा, सीचा चौथा. सा वर न्यास करायची आपली सवय इथेच नडते: जी सेव्हन्थच्या पहिल्याच मात्रेला सा धरून बसलं की तो नि शी भांडतो. जाता जाता घेतला तर चालतो.

मसाला हवा तर दुसऱ्या बारात, म्हणजे जी सेव्हन्थच्या चार मात्रांत, नि, कोमल ध, प, म. हा कोमल ध म्हणजे जीचा फ्लॅट नाइन्थ, अर्धा स्वर उतरवलेला नववा. त्याहून गमतीचं म्हणजे मोबाइलवरचा जी काढून काळी एक लावायची. बोटं म-नि वरच, पण कॉर्ड झाली डी फ्लॅट सेव्हन्थ. तिसऱ्या-सातव्याची अदलाबदल, आणि खालून रे, कोमल रे, सा असा उतार.

पुढची पट्टी घ्यायची तर ग-नि वरची दोन्ही बोटं अर्धा स्वर खाली: कोमल ग, कोमल नि. ही सी मायनर सेव्हन्थ. मग करंगळी ध वर, नंतर अंगठा रे वर, की बी फ्लॅट आलं. असं करत सहा पट्ट्यांनी पुन्हा सी येतो. उरलेल्या सहांसाठी सुरुवात काळी एकपासून. बोटं अडखळतात ती तिथेच, म्हणून उद्या आधी त्या.