तुम्ही विचारलेत म्हणून: दुसरे मांजर का आणत नाही?

हा प्रश्न आपुलकीनेच विचारला जातो, हे मला कळते. तरीही तो इतक्यांदा ऐकला आहे की एकदा लिहून मोकळे व्हावे असे वाटू लागले आहे. ‘दुसरे आणा, विसर पडेल’ असे म्हणणाऱ्यांना वाटते की घर रिकामे झाले, एवढेच माझे दुःख आहे. बोका आपणहून गेला असता, तर कदाचित तसे असतेही. त्याला दयामरण देण्याच्या संमतिपत्रावर सही मात्र माझी आहे.

मूत्रपिंडांचा विकार झालेल्या म्हाताऱ्या मांजराच्या रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढते, तोवर मूत्रपिंडांची सुमारे पाऊण कार्यक्षमता संपलेली असते. त्वचेखाली सलाईन देऊनही तो खंगत गेला, तेव्हा डॉक्टरांनी पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी हातात दिली: वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि चांगल्या दिवसांचे पारडे, अशा सात बाबींना दहापैकी गुण द्यायचे, आणि बेरीज ३५ च्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवायला हरकत नाही. संध्याकाळी तो उत्तीर्ण होई, पहाटे नापास. गुण देणारी मीच होते.

आधी गुंगीचे औषध दिले, मग शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. डोळे मिटणार नाहीत, हृदय थांबल्यावरही एखादा श्वास आल्यासारखा दिसेल, पण त्यात जाणीव नसेल, हे सारे मला आधी सांगितलेले होते. तो श्वास आला, आणि ‘थांबा, जिवंत आहे’ असे मी ओरडले. डॉक्टरांनी वाद घातला नाही. स्टेथोस्कोप माझ्याच कानांना लावला. काहीही ऐकू आले नाही, आणि तरी बराच वेळ मी तो काढू दिला नाही.

समाज ज्याची दखल घेत नाही अशा शोकाविषयी शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्येच लिहिले. पुढे २०२२ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत दीर्घ शोकाची नोंद झाली, तीही माणसाच्या मृत्यूपुरतीच. (मला निदान नको आहे, बाजूला काढलेले मात्र जाणवते.) आधार मिळाला तो पाळीव प्राणी गमावलेल्यांच्या एका गटात, जिथे कोणी समजूत घातली नाही, शेवटचा दिवस कसा गेला, एवढेच विचारले, आणि मी तो दिवस पुन्हा पुन्हा सांगितला तरी कोणी कंटाळले नाही.

बरी झाले आहे का? झोप लागते, कामे होतात. पण सही करणाऱ्या त्या वेळच्या मला मी अजून विचारते, की पहाटेचे गुण खरे धरलेस, मग संध्याकाळचे का नाहीत? ती म्हणते, त्याच्याजवळ रात्र काढावी लागत नाही, म्हणून तुला हे सुचते. मला दोघींचेही पटते.

दुसरे मांजर कदाचित येईलही. तोवर विचारायचेच असेल तर त्या दिवसाविषयी विचारा. मी सगळे सांगेन. फक्त शेवटी ‘योग्यच केलेत’ असे म्हणू नका.