दुसरा दिवस, पाळधी

आजचे ४२.१९५ किलोमीटर पळून झाले. काल धुळ्याहून निघालो, उद्या भुसावळ. तीन दिवसांत तीन मॅरेथॉन म्हणजे १२६ किलोमीटरच्या वर. तेवढा रस्ताच नाही, त्यामुळे उद्या उरलेलं अंतर भुसावळात फेऱ्या मारून भरायचं!

सकाळी पारोळ्याच्या पुढे गाडीतून उतरलो तो दाराला धरून, उलटा, शिडीवरून उतरावं तसा. मांड्या दगड. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, जाणार बहुतेक. पहिले पाच किलोमीटर नुसतं फरफटणं, मग शरीराला काय वाटतं कोण जाणे, ते ऐकायला लागतं. मीठ-साखर-लिंबाचं पाणी आणि केळी. जळगाव जिल्ह्यात पळताना केळ्यांची काय कमी!

एरंडोलच्या अलीकडे कापूस वेचायला निघालेल्या एका आजींनी थांबवलं. "काब्रं पयी ऱ्हायना रे भाऊ? गाडी नही भेटनी का?" (का पळतोयस रे भाऊ? गाडी नाही मिळाली का?) सांगितलं, आठवीनंतर शाळा लांब म्हणून घरी बसणाऱ्या पोरींना सायकली घ्यायच्यात, त्यासाठी पळून पैसे जमवतोय. आजींनी कमरेची पिशवी सोडली, चुरगळलेली वीसची नोट काढली अन् माझ्या घामट मुठीत कोंबली. क्यूआर कोडचा बोर्ड पाठीवर तसाच लटकलेला.

१९८० साली टेरी फॉक्स कृत्रिम पाय लावून कॅनडात १४३ दिवस पळला होता. मी तीन दिवसांत रडतोय.

आता भरीत-भाकरी. उद्या पहाटे साडेचारला निघतोय. जळगावकर, कोणी सोबतीला येतंय का?