यादी

उद्याच्या फुटबॉल सामन्याची यादी रात्री साडेनऊला ग्रुपवर आली. दोनदा वर-खाली करून बघितली. मधे खेळायला बॅकचा पोरगा घेतलाय. मी आहे, पाय धड आहेत, तीन आठवड्यांत सरावाला एक खाडा नाही. संघ निवडणारा दादा काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. विचारायचं म्हणजे मागचं सगळं परत निघणार.

जेवताना रिकार्दो मॉन्तोलिवो आठवला, इटलीचा, मिलान क्लबचा, मधे खेळणारा. २२ डिसेंबर २०१८, मिलानच्या सान सिरो मैदानावर मिलान आणि फिओरेन्तीनाचा सामना. मिलानचे मधले केसिये आणि बाकायोको निलंबित, बिलिया जायबंदी. मधे खेळणारा जुना माणूस म्हणजे तोच उरलेला. कोच गात्तुसोनं राइट बॅक कालाब्रियाला मधे उभं केलं. समोर कोण, तर ज्यांच्याकडून मॉन्तोलिवो सात वर्षं खेळला ते. मिलान १-० हरलं. त्या अख्ख्या हंगामात त्याला स्पर्धेतला एकही सामना मिळाला नाही. २०१९च्या नोव्हेंबरात ३४व्या वर्षी त्यानं खेळणं थांबवलं. इटलीकडून ६६ सामने खेळलेला माणूस, मिलानचा कॅप्टन राहिलेला.

कुणी कारण सांगितलं असेल का त्याला? घास हातात घेऊन मी तेवढंच घोळवत बसलो. बसवलं ते बसवलं, पण समोर येऊन सांगायला काय जातं? दोन वाक्यं. तू दमतोस, नाहीतर तू हळू झालास. चालेल. ऐकून घेईन मी.

कमी का सोसलं त्यानं! २०१४च्या वर्ल्डकपला दोन आठवडे असताना लंडनमध्ये आयर्लंडशी सरावाचा सामना झाला, त्यात नडगीचं हाड मोडलं. ब्राझीलला बाकीचे गेले. मग ऑक्टोबर २०१६, तुरीनला स्पेनविरुद्ध गुडघ्याचं लिगामेंट गेलं.

इथं मात्र हात थांबला. कारण त्या रात्री मला बरं वाटलं होतं. खरंच. आता मधे कुणीतरी पळणारा येईल, असं मनात आलं होतं. आणि आलाच, १८ वर्षांचा लोकातेल्ली. पंधरा-सोळा दिवसांत त्यानं युव्हेंटसविरुद्ध त्यांच्या गोलकीपर बुफॉनला लांबून जो गोल मारला, तेव्हा मी पलंगावरून उडी मारली. मॉन्तोलिवो कुठल्या दवाखान्यात आहे, कधी उभा राहणार, मनातसुद्धा आलं नाही. मिलानचा कॅप्टन होता तो, माझ्या मिलानचा. त्याला तरी मी कुठं काय कारण दिलं होतं.

उद्याच्या पोरालाही असंच वाटत असणार. वाटू दे. त्याचं वय आहे ते. गेल्या रविवारी तो माझ्याआधी दोनदा बॉलवर पोचला, हे मलाही माहीत आहे, दादालाही.

मघाशी २०१२च्या युरोतली इंग्लंडविरुद्धची पेनल्टी शूटआउट काढून बघितली. लोकांना पिर्लोनं चिप करून, हळूच वर उचलून टाकलेली पेनल्टी आठवते. तिच्याआधी मॉन्तोलिवोनं बाहेर मारली होती, इटली मागे पडली होती, म्हणून तर पिर्लोच्या त्या चिपला जीव आला. चार दिवसांनी वॉर्सात जर्मनीविरुद्ध सेमीफायनल. मॉन्तोलिवोची आई जर्मन. घरी काय चाललं असेल त्या आठवड्यात, देव जाणे. ३६व्या मिनिटाला त्यानं आपल्या अर्ध्यातून मान वर करून लांब बॉल सोडला, बचावाच्या डोक्यावरून, बालोतेल्लीच्या पुढ्यात. तो गोल बालोतेल्लीनं शर्ट काढला म्हणून लक्षात राहिला. पण तो बॉल! चार वेळा मागे नेऊन बघितला. पायातून सुटतो तेव्हाच कळतं, हा पोचणार.

तसा बॉल मी आयुष्यात एकदाच दिलाय. शाहू स्टेडियमवर, आण्णा गॅलरीत होते तेव्हा. जाऊ दे.

मोजे वाळलेत. आईनं आतून विचारलं, उद्या सहाला चहा ठेवू का. ठेव म्हटलं.