ऑक्टोबरची वाट

'ऐन दिवाळीच्या तोंडावर तिकडे पाऊस, गारठा आणि अंधार असतो, तरी तुम्ही ऑक्टोबरची वाट कसली पाहता?' असे पुण्याचे नातलग मला दरवर्षी विचारतात. मी आयर्लंडच्या दक्षिणेकडील कॉर्क शहरात राहते. फोनवर या प्रश्नाचे उत्तर अर्धेच देऊन होते. यंदा त्यांनी पुन्हा विचारले, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आयर्लंडच्या जुन्या कालगणनेत शरद ऋतू १ ऑगस्टला सुरू होतो. आयरिश भाषेत सप्टेंबरचे नाव 'शरदाचा मध्य' आणि ऑक्टोबरचे 'शरदाची अखेर' अशा अर्थाचे आहे, आणि शरदासाठी जो शब्द आहे तोच सुगीसाठीही वापरतात. त्यामुळे येथील शरद मला आधी ताटात दिसतो आणि झाडांवर नंतर. उन्हाळा हा देशी कालवांचा विणीचा काळ असल्याने ती सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंतच काढली जातात. गॉलवे शहरात त्यांच्या स्वागताचा उत्सव १९५४ पासून भरतो. लहानपणी कोकणात कालवांचे तिखट कालवण खाल्लेल्या मला, लिंबू पिळलेले कच्चे कालव शिंपल्यातून थेट तोंडात घेणे जमायला दोन वर्षे लागली. आता मात्र त्या खारट, गार चवीची आणि सोबतच्या लोणी लावलेल्या गव्हाच्या पावाची आठवण ऑगस्टपासूनच होऊ लागते.

कोलकॅनन माझ्या त्याहून जवळचे आहे. उकडून कुस्करलेल्या बटाट्यात केल ही पालेभाजी किंवा कोबी मिसळतात आणि त्या ढिगाच्या मध्यभागी आळे करून लोणी सोडतात, अगदी आपण भातात वरणासाठी करतो तसे. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला बार्मब्रॅक हा मनुका घातलेला गोडसर पाव असतो. त्यात अंगठी लपवलेली असते आणि ती ज्याच्या वाट्याला येईल त्याचे लग्न लवकर ठरते, असे मानतात. १ नोव्हेंबरच्या साविन सणानंतर कुंपणावरची ब्लॅकबेरी तोडू नये, ती पूका नावाच्या भुताची होते, असेही येथील वडीलधारी माणसे सांगतात. तोवर ती फळे पावसाने कुजू लागलेली असतात, त्यामुळे हा संकेत मला शहाणपणाचा वाटतो.

याच दिवसांत चित्रपट महोत्सव येतात. कॉर्कचा मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९५६ मध्ये सुरू झाला आणि आता तो नोव्हेंबरमध्ये भरतो. परंतु माझा ओढा २०१३ पासून ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या 'इंडीकॉर्क' या स्वतंत्र चित्रपटांच्या छोट्या महोत्सवाकडे अधिक आहे. एका खेळात पाच-सहा लघुपट दाखवतात आणि मग ज्यांनी ते तुटपुंज्या पैशांत पूर्ण केले ती माणसे समोर उभी राहून प्रश्नांची उत्तरे देतात. कॉर्कच्या इंग्लिश मार्केट या १७८८ पासूनच्या मंडईत मासे विकणाऱ्याला 'हा कुठला?' असे विचारता येते. कलाकृतीविषयीही तितक्याच सहजतेने विचारता यावे, याचे मला फार मोल वाटते. आयरिश भाषेतील लघुपट पाहताना आजूबाजूचे बहुतेक प्रेक्षक आपल्याच देशाची भाषा इंग्रजी उपशीर्षकांतून समजून घेत असतात. ते पाहिले की मला परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांची मराठी आठवते आणि घरी परतल्यावर मी त्यांच्याशी अधिक नेटाने मराठीत बोलते.

२०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, म्हणजे साविनच्याच दिवशी आले होते. आदल्या संध्याकाळी शेजारच्या आजींनी बार्मब्रॅक आणून दिला, मी त्यांना चकल्या दिल्या, आणि पुढच्या आठवड्यात सुरू होणाऱ्या कॉर्क चित्रपट महोत्सवाची कार्यक्रमपत्रिका आम्ही पणत्यांच्या उजेडात एकत्र वाचली. अंगठी त्यांच्या तुकड्यात निघाली.