पत्रिका घरी छापून किती वाचले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बहिणीच्या लग्नाच्या ३०० पत्रिका आम्ही सांगलीत, गावभागातल्या घराच्या माडीवर स्वतः छापल्या, जाळीतून शाई उतरवून, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगनं. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, "प्रेसपेक्षा किती वाचले?" पैसे म्हणाल तर एक रुपया नाही. पुण्याहून आणलेल्या हातकागदानंच खिसा रिकामा केला. सुटका झाली ती नावांच्या यादीतून.

आपल्याकडची पत्रिका तुम्हाला ठाऊकच आहे. कुलस्वामिनी प्रसन्न, पणजोबांपासून नातवांपर्यंत सगळे, मग निमंत्रक, प्रेषक, समस्त भावकी, आणि तळाशी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणारी बिनदातांची फौज. बाबांनी यादी काढली ती ६२ नावांची. प्रेसवाला अक्षर बारीक करून सगळ्यांना बसवतो. जाळी बसवून घेत नाही.

पडदे ओढलेल्या खोलीत, पिवळ्या बल्बखाली, चौकटीवर ताणलेल्या जाळीला इमल्शन, म्हणजे उजेडानं घट्ट होणारा लेप, फासायचा. (डायझो रसायनाचं घ्या, जुन्या पद्धतीचं बायक्रोमेट रसायन विषारी असतं, ते घरात नको.) वाळलं की वर मजकुराची पॉझिटिव्ह, म्हणजे काळ्या अक्षरांची पारदर्शक फिल्म, आणि काच ठेवून ऊन दाखवायचं. ऊन लागेल तिथलं इमल्शन घट्ट होतं. काळ्या अक्षरांखालचं कच्चं राहतं आणि पाण्याच्या फवाऱ्यानं निघून जातं. त्या वाटेनं शाई कागदावर उतरते. ऊन कमी पडलं तर अक्षरांच्या कडाही धुऊन जातात, जास्त झालं तर बारीकसारीक सगळं बुजतं. एप्रिलमधलं सांगलीचं ऊन कमी पडणार कुठून! पहिल्या चौकटीत 'चि. सौ. कां.'मधला अनुस्वार नाहीसा झाला, दुसरीत 'आशीर्वाद'चा रफार. मराठीचे सगळे नाजूक दागिने डोक्यावर, आणि जाळी आधी तेच काढून घेते. इंग्रजीवाल्यांना 'आय' आणि 'जे'च्या टिंबांखेरीज हा घोर नाही.

शेवटी अक्षर मोठं केलं. त्या मापात ११ नावं बसली. बाबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. आत्याचा फोन आला, "माझं नाव जाळीत अडकलं म्हणे?"

छपाई पहाटे ५ ला. उन्हं चढली की शाई जाळीतच वाळते आणि पुढची पत्रिका पुसट येते. मी स्क्वीजी, म्हणजे शाई दाबायची रबरी पट्टी, ओढायची, दादा कागद सरकवायचा, आजी ओल्या पत्रिका दोरीवर चिमट्यांनी लटकवायची. जाळी कागदाला चिकटून शाई फासली जात होती, म्हणून दादानं चौकटीच्या कोपऱ्यांखाली दोन-दोन रुपयांची नाणी चिकटवली. जाळी जराशी उचललेली राहिली आणि छाप स्वच्छ यायला लागला. इतक्या साध्या गोष्टीपायी आमच्या ४० पत्रिका गेल्या होत्या.

पहिली पत्रिका गणपती मंदिरात ठेवायला काढली, तेव्हा आईनं सवयीनं चारी कोपऱ्यांना ओली हळद लावली. हळदीच्या पेठेचं गाव आमचं, हात सैलच. हातकागदानं ती अशी प्यायली की पिवळा डाग थेट नवऱ्या मुलाच्या नावापर्यंत गेला. बाकीच्यांना तिनं कोरडी हळद लावली.

यंदा चुलतभावाचं लग्न आहे. बाबांनी यादी काढलीय, ४० नावांची. परवा हळूच विचारत होते, "अजून बारीक जाळी मिळते का गं कुठं?"