शुअर एम७५ ला नवीन सुई: आधी कँटिलिव्हर बघा, मग हिरा

मंडळी, जुन्या शुअर एम७५ चं, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या आर्मच्या टोकाला बसणाऱ्या आणि सुई धरणाऱ्या कार्ट्रिजचं, काम शेवटी हातात घेतलंय. बॉडी ठणठणीत आहे, मल्टिमीटर लावून बघितला तर दोन्ही चॅनेलच्या कॉइल जवळपास सारख्याच दाखवतायत, म्हणजे आत काही तुटलेलं नाही. जे काय आहे ते सुईचंच.

सुई काढून यूएसबी मायक्रोस्कोपखाली धरली आणि बाजूने टॉर्च मारला. चांगल्या टोकावर उजेडाचा अगदी बारीक ठिपका दिसतो, इथे दोन्ही अंगांना चपटे चकचकीत पट्टे दिसत होते आणि त्यातला एक दुसऱ्यापेक्षा चांगलाच रुंद. खोबणीच्या दोन भिंती एकमेकींशी ९० अंशात असतात म्हणून हिरा दोनच ठिकाणी घासतो, आणि एक अंग जास्त झिजलं असेल तर बहुतेक अँटीस्केटिंग (आर्मची आत सरकायची ओढ तोलणारी सोय) नीट लावलेलं नव्हतं. कँटिलिव्हर, म्हणजे हिरा धरणारी बारीक दांडी, ज्यात झुलतो ते रबरही वाळलंय, त्याला मऊ ब्रशने हलकंसं दाबलं तरी तो लवत नाही. अशी सुई कृपा करून कुठल्याही रेकॉर्डवर ठेवू नका, त्या झिजलेल्या कडा खोबणीतला वरच्या पट्टीतला आवाज खरवडून काढतात आणि तो परत येत नाही.

आता निवडीचं. सगळे पहिला प्रश्न विचारतात की कोनिकल (गोल टोकाची) घेऊ की इलिप्टिकल (लंबगोल टोकाची). माझं मत असं की तो प्रश्न दुसरा आहे. एम७५ सारख्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये बॉडीत फक्त कॉइल असतात, मॅग्नेट, कँटिलिव्हर, रबर आणि हिरा हे सगळं सुईबरोबर येतं, म्हणजे सुई बदलली की जवळजवळ कार्ट्रिजच बदललं. एम७५ चंच बघा. एन७५-६ ही सुई कोनिकल, टोकाची त्रिज्या ०.६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), वजन, म्हणजे सुईचा रेकॉर्डवरचा भार, १.५ ते ३ ग्रॅम. एन७५ईजे इलिप्टिकल, ०.४ बाय ०.७, वजन तेच. आणि एन७५ईडी ०.२ बाय ०.७, पण चालते ०.७५ ते १.५ ग्रॅमवर, कारण तिचं सस्पेन्शन, म्हणजे कँटिलिव्हरचं रबर, खूप मऊ. कागदावर ईडी सगळ्यात भारी, पण मऊ सस्पेन्शन जड आर्मवर बसवलं की रेझोनन्स (आर्म आणि सुई मिळून ज्या वारंवारतेला आपोआप डोलतात ती) खाली जातो. हिशोब सोपा आहे, आर्मचं इफेक्टिव्ह मास (हलताना सुईला जाणवणारं आर्मचं वजन), कार्ट्रिज आणि स्क्रू यांची बेरीज गुणिले कम्प्लायन्स (सस्पेन्शन किती मऊ तो आकडा), त्याचं वर्गमूळ, आणि १५९ ला त्याने भागायचं. १२ ग्रॅमचा आर्म, ६ चं कार्ट्रिज, १ ग्रॅम स्क्रू, कम्प्लायन्स २५ धरलं तर ७.३ हर्ट्झ येतात, १२ धरलं तर १०.५. ८ ते १२ च्या मधे हवं, त्याखाली वाकलेली रेकॉर्ड आली की वूफर नुसता हलत राहतो. एक लक्षात ठेवा, जपानी कंपन्या बरेचदा कम्प्लायन्स १०० हर्ट्झला मोजून देतात, तो आकडा साधारण दीडपट ते दुप्पट केल्याशिवाय या हिशोबात घालू नका. माझा आर्म १२ ग्रॅमचाच आहे, त्यामुळे ईडी बाद, ईजेच्या जातीची हवी हे इथेच ठरलं.

मग ओरिजिनल की आफ्टरमार्केट. शुअरने २०१८ मध्ये फोनो कार्ट्रिजचं काम बंदच केलं, त्यामुळे ओरिजिनल म्हणजे जुना सीलबंद स्टॉक. मला त्याची भीती वाटते, हिरा कोरा असतो पण रबराचं वय पाकिटात पण वाढतच असतं आणि फोटोत ते कळत नाही. जपानची जिको अजून जुन्या कार्ट्रिजच्या सुया बनवते (१८७३ ला सुरुवात केली ती शिवणाच्या सुयांपासून, मला हे फार आवडतं). बिनानावाच्या सुयांमध्ये मॅग्नेटची ताकद इकडेतिकडे असते, मग एक चॅनेल हळू वाजतो.

शेवटी नवीन बनावटीची इलिप्टिकल बसवली. बॉडी तीच असली तरी टोक नेमकं जुन्याच जागी येत नाही, म्हणून प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिज नीट रेषेत बसवायची मापपट्टी) परत लावला आणि ओव्हरहँग, म्हणजे टोक तबकडीच्या मध्याच्या पुढे जातं ते अंतर, किंचित पुढे घ्यावा लागला. वजन २ ग्रॅम ठेवलंय. कमी वजनाने रेकॉर्ड जपली जाते हा समज सोडा, हलकी सुई भिंतीवरून उडते आणि तेव्हाच खरं नुकसान होतं.

ऐकायला मी मुद्दाम रेकॉर्डच्या एका बाजूचं शेवटचं गाणं लावतो. बाहेरच्या कडेला खोबणी सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर धावते, आत लेबलजवळ २१ च, म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. आधी तिथे प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ फाटायचा, आता गायिकेचा ‘स’ स्वच्छ सुटतो आणि मागचा श्वास पण ऐकू येतो. वरची पट्टी अजून जरा दबलेली वाटते, पण नवीन सस्पेन्शन मोकळं व्हायला थोडा वेळ देतोय.

पुढचं काम कपॅसिटन्सचं, म्हणजे केबल आणि प्रीअँपचा कार्ट्रिजवर पडणारा विजेचा भार, ज्याने वरची पट्टी बदलते. जुनी शुअर कार्ट्रिजं ४७ किलोओहमला ४०० ते ५०० पिकोफॅरड मागतात, माझी केबल आणि प्रीअँप मिळून २०० च्या आसपास भरतात. आरसीएला (केबलच्या जोडणीला) समांतर छोटे कपॅसिटर लावून शंभर-शंभरने वाढवत ऐकणार आहे, कोणी एम७५ वर हे केलं असेल तर कुठल्या आकड्यावर थांबलात ते सांगा.