कानबाईचे डोळे

रात्रभर कानबाईचं, आमच्या खानदेशातल्या देवीचं, जागरण झालंय, दुपारी माय नदीवर विसर्जनाला गेली, गाणी म्हणून सगळ्यांचे घसे बसलेत, आणि मला झोप नाही. काकीचं बोलणं डोक्यातून जात नाहीये. "कानबाईना डोया तूच काढ व माय, तुना हात बसेल शे." दरवर्षी आजी काढायची. असो.

हळद लावलेल्या नारळावर काजळाने काढले, पापण्या जरा झुकलेल्या. फार विचार न करता. नथ घातली आणि मागे वळले तर काकी रडत होती. माय देखी ऱ्हायनी माले, म्हणाली, देवी बघतेय माझ्याकडे. मग एकेक बाई येऊन ओटी भरायची आणि त्या डोळ्यांकडे बघून काय काय बोलत बसायची, पोराची नोकरी, कपाशीला पाऊस, नवऱ्याचं दारूचं.

पण ते डोळे मी काढलेत ना!

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पुण्याच्या प्रदर्शनात ज्या कॅनव्हासवर मी अख्खा हिवाळा घालवला त्याच्यापुढे कोणी धड थांबलं नाही, आणि इथे घाईत काढलेल्या दोन रेषांपुढे बाया मन मोकळं करतात, आणि तिथेही त्यांना माझ्या रेषा दिसतच नाहीत, माय दिसते. मग मी कुठे आहे यात? की नसायलाच पाहिजे? श्रद्धा आहे का माझी हेही कळत नाही, हात जोडले होते पण ते सगळ्यांनी जोडले म्हणून.

मघापासून अजिंठ्याचा पद्मपाणी आठवतोय, एक नंबरच्या लेण्यातला, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व. त्याचेही डोळे असेच झुकलेले. पाचव्या शतकात कोणीतरी ते काढले आणि नाव कुठे लिहिलं नाही, आणि नंतर 1819 ला इंग्रजांना लेणी दिसेपर्यंत शेकडो वर्षं तिथे जंगल होतं, तरी ते डोळे तसेच होते. काढणाऱ्याला पुरलं असेल का तेवढं? मला वाटतं पुरलं असेल. डोळा जमला तेव्हा त्यालाही कोणीतरी बघतंय असं वाटलं असेल, नारळावर दुसरी पापणी झाली तेव्हा क्षणभर मलाही वाटलं होतं, ते मी काकीला सांगितलं नाही.

आज सोमवार, लेणी बंद. उद्या सकाळच्या एसटीने लेण्यांजवळच्या फर्दापूरला उतरते, वही सोबत घेते. आधी चित्र काढायला बसेन की आधी हात जोडेन, तिथे गेल्यावर बघू.